ठाण्यात किंवा नवी मुंबईत छोटं रेडिओ स्टेशन चालवायचंय? मग गाण्यांपासून सुरुवात करू नका

"गाणी कुठली वाजवायची?" हा प्रश्न मला सगळ्यात आधी विचारला जातो. कॉलेजवाले विचारतात, संस्थांचे लोक विचारतात, घरातल्या एका खोलीत माइक लावून ऑनलाइन रेडिओ सुरू केलेली नेरुळ-ऐरोलीची मुलंही हेच विचारतात. मी सगळ्यांना एकच सांगते, गाणी ज्याच्या त्याच्या फोनमध्ये आहेत, हवी तेव्हा हवी ती मिळतात, त्यासाठी कोणी तुमच्याकडे येणार नाही. आणि ज्याला रेडिओवरच गाणी ऐकायची आहेत त्याला आपल्या भागात मुंबईची सगळी मोठी स्टेशनं लागतात, शिवाय विविध भारती आहेच जी १९५७ पासून हे काम करतेय आणि आपल्यापेक्षा फार चांगलं करतेय.

मग आपण काय द्यायचं? मुंबईच्या एफएमवर ठाणे म्हणजे ट्रॅफिक अपडेटमधलं एक वाक्य असतं, "घोडबंदर रोडवर वाहतूक संथ गतीने". अहो पण कुठे? गायमुखला, मानपाड्याला की कापूरबावडीला? तीन हात नाक्यावरून आत वळायचं की सरळ जायचं? विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलंय का, म्हणजे कळव्याहून ऐरोलीकडे जाणाऱ्याने निघायचं की थांबायचं? तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमध्ये आज आवक कशी आहे? हे सांगणारा आवाज नाहीये. तुमची जागा तिथे आहे आणि तुमचा वेळ, पैसा, माणसं सगळं तिथेच लागलं पाहिजे. मी आधी मुंबईत एका खाजगी एफएममध्ये प्रोग्रॅमिंगला होते, आता ठाणे परिसरात छोटी स्टेशनं उभी करायला मदत करते, दोन्हीकडे बघून हे माझं पक्कं मत झालंय.

आधी परवान्याचं बघू, कारण बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ असतो. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही, त्यानंतर हळूहळू दारं उघडली. खाजगी एफएमच्या फ्रिक्वेन्सी लिलावाने जातात, तो आपला खेळ नाही. आपल्यासाठी आहे कम्युनिटी रेडिओ, म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या भागातल्या लोकांसाठी चालवलेलं छोटं, नफ्यासाठी नसलेलं स्टेशन. २००२ मध्ये तो फक्त शिक्षणसंस्थांना खुला झाला, २००६ पासून सामाजिक संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही, मात्र संस्थेची नोंदणी होऊन किमान तीन वर्षं झालेली हवीत. व्यक्तीला किंवा नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला मिळत नाही, त्यामुळे "मी आणि माझा मित्र मिळून टाकतो" असं होत नाही, आधी एखादी जुनी संस्था गाठा. वाचनालय, महिला मंडळ, कॉलेज, काहीही चालेल, फक्त तिथल्या लोकांना रेडिओत खरा रस हवा. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर होतो. २०२४ च्या नव्या नियमांनी परवानगीची पहिली मुदत दहा वर्षं झाली, पूर्वी पाचच होती. सल्लागार समितीत निम्म्या बायका हव्यात असंही त्यात आहे, आणि हे नुसतं कागदावर ठेवू नका, कारण दुपारी घरात रेडिओ लावणारं माणूस कोण आहे हे तुम्हाला त्याच सांगतील.

ट्रान्समीटर साधारण १०० वॅटचा आणि टॉवर जास्तीत जास्त ३० मीटर, म्हणजे पोहोच धरा दहा-बारा किलोमीटर, तीही सपाट जागी. आपली जागा सपाट नाहीये. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, एकीकडे येऊरचा डोंगर, दुसरीकडे कळव्याच्या पलीकडे पारसिकची रांग, त्यामुळे ठाण्यात टॉवर टाकला म्हणून मुंब्र्याला ऐकू येईल असं धरून चालू नका. घोडबंदरला उंच टॉवर्समुळे आणखी वेगळा त्रास, लहर इमारतींवर आपटून फिरते आणि एकाच फ्लॅटच्या हॉलमध्ये स्वच्छ आणि बेडरूममध्ये खरखर असं होतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात चार-पाच जणांनी साधे रेडिओ आणि इअरफोनवाले फोन घेऊन भाग वाटून फिरा, कुठल्या गल्लीत, कुठल्या मजल्यावर कसं लागतं ते नकाशावर मांडा. (फोनमध्ये एफएम लावायला वायरचा इअरफोन लागतो, ती वायरच अँटेना असते, हे आजही पुष्कळांना सांगावं लागतं.) जिथे लहर पोहोचत नाही तिथे इंटरनेट स्ट्रीमची लिंक द्या आणि जाहिरातदाराला हाच नकाशा दाखवा, तो खूश होतो कारण त्याला असं खरं कोणी सांगत नाही.

आता पैसा. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण स्टेशनं आवाजामुळे बंद पडत नाहीत, पैशामुळे पडतात.

खाजगी एफएमचा पहिला टप्पा आठवून बघा. सरकारने १०८ फ्रिक्वेन्सी लिलावात काढल्या, लोकांनी जोशात बोली लावल्या, आणि अट अशी की लायसन्स फी ठरलेली, वर दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार, धंदा होवो न होवो. २००१ च्या जुलैत बेंगळुरूला पहिलं खाजगी स्टेशन सुरू झालं, पण एकूण हिशोब कोणाचाच बसेना, बरेच जण आधीच मागे हटले आणि शेवटी २१ चॅनल काय ते उभे राहिले. २००५ मध्ये दुसऱ्या टप्प्यात सरकारने पद्धतच बदलली, एकदाची प्रवेश फी आणि नंतर उत्पन्नाच्या ४ टक्के. कमावलं तर द्या. त्यानंतर मग एफएम पसरलं, आपल्याला आज जी स्टेशनं माहिती आहेत त्यातली कितीतरी त्या टप्प्यातली. श्रोते तेच होते, गाणी तीच होती, बदललं फक्त एवढंच की खर्च कमाईबरोबर वरखाली व्हायला लागला.

छोट्या स्टेशनने हे जसंच्या तसं उचलायचं. दर महिन्याला न चुकता जाणारा खर्च, भाडं, पगार, वीज, इंटरनेट, तो जितका खाली ठेवता येईल तितका ठेवा. ठाण्यात नौपाड्यात स्टुडिओसाठी गाळा भाड्याने घेऊ नका, कॉलेजची वापरात नसलेली खोली मागा, संस्थेच्या हॉलमागची खोली मागा. तीन पगारी आरजे घेण्यापेक्षा एक पूर्णवेळ माणूस आणि बाकी मानधनावर घ्या, प्रत्येक शोमागे. आणि निदान सहा महिन्यांचा फिक्स खर्च बँकेत असल्याशिवाय टॉवरचं काम काढू नका, कितीही घाई झाली तरी नाही.

कमाईचं गणितही आधीच करून ठेवा. कम्युनिटी रेडिओला तासाला १२ मिनिटं जाहिराती चालतात, २०२४ आधी ७ च होती. सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ चा ७४ रुपये झाला. म्हणजे १२ मिनिटं गच्च सरकारी जाहिरातींनी भरली तरी तासाचे ५,३२८ रुपये, आणि गच्च कधीच भरत नाहीत, शिवाय पैसे हातात यायला वेळ लागतो तो वेगळा. या आकड्यावर पगार ठरवू नका. तुमचा खरा आधार आहे जवळचा दुकानदार. राम मारुती रोडचं साडीचं दुकान, क्लासेस, डेंटिस्ट, केटरर, पोळीभाजी केंद्र, वाशीतले व्यापारी. यातल्या कोणालाही अख्ख्या मुंबईत जाहिरात करायची नसते, मुंबईच्या एफएमचा दर त्यांना परवडतही नाही आणि परवडला तरी बोरिवलीच्या श्रोत्यासाठी त्यांनी पैसे का मोजावेत?

त्यांना सेकंद विकू नका. "दहा सेकंदांचे एवढे" असं म्हणून गेलात की तो लगेच घासाघीस सुरू करणार. त्यापेक्षा एखाद्या कार्यक्रमातली जाहिरातीची जागा महिनाभर त्यालाच द्या. सकाळच्या बाजारभावांत एका किराणावाल्याची जाहिरात, दहावीच्या मुलांच्या कार्यक्रमात एका क्लासची. महिन्याची एक रक्कम, आगाऊ. उधारीवर जाहिरात लावायची नाही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा, ओळखीच्या माणसालाही, कारण छोट्या गावासारखा हा भाग आहे, एकाला सूट दिली की आठवड्यात सगळ्यांना कळतं. बार्टर, म्हणजे जाहिरातीच्या बदल्यात वस्तू, चालतो, पण तुम्हाला नाहीतरी विकतच घ्यायची असलेली वस्तू असेल तरच. स्टुडिओला एसी लागणार असेल आणि एसीवाला देत असेल तर घ्या, हॉटेलची कूपनं घेऊन काय करणार?

जी जाहिरात वाजली ती लॉगमध्ये लिहा, वेळेसकट. मोठ्या स्टेशनात यासाठी वेगळं ट्रॅफिक डिपार्टमेंट असतं, तुमच्याकडे एक वही नाहीतर एक्सेल शीट पुरे. स्पॉट राहून गेला तर जाहिरातदाराने विचारायच्या आधी तुम्ही फोन करा आणि दुसऱ्या दिवशी भरपाईचा स्पॉट द्या. महिन्याच्या शेवटी बिलासोबत लॉगची कॉपी आणि स्पॉटच्या रेकॉर्डिंगचा एखादा तुकडा पाठवा. एवढं केलं की तो माणूस पुढच्या महिन्याला परत येतो, मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय.

सेल्स आणि प्रोग्रॅमिंगचं भांडण प्रत्येक स्टेशनात होतं. सेल्सवाला म्हणतो क्लायंटला सकाळी आठच्या शोमध्ये दहा मिनिटांची मुलाखत हवीय, आरजे म्हणते माझा शो मरेल. दोघंही बरोबर असतात. यावर रोज वाद घालण्यापेक्षा एक कागद आधीच करा, कुठल्या तासात काय विकायचं आणि काय कधीच विकायचं नाही. सकाळचं पाणी-वीज-रस्ते बुलेटिन आणि पावसातल्या सूचना विकायच्या नाहीत, त्यावर कोणाचं नाव नाही. बाकी सगळं बोलण्यासारखं आहे. हा कागद स्टेशन मॅनेजरने सही करून भिंतीला लावायचा आणि शेवटचा शब्द एकाच माणसाचा, कमिटीचा नाही, कारण सकाळी साडेसातला कमिटी बसत नाही.

माणसं कशी निवडायची? आवाज ऐकून निवडू नका. मला स्वतःला भरदार आवाजाच्या आरजेपेक्षा ज्याला आपल्या भागातले रिक्षावाले, भाजीवाल्या, शाळेच्या शिपाई मावशी नावाने ओळखतात असा माणूस जास्त कामाचा वाटतो. बोलायला शिकवता येतं, लोकांत मिसळायला शिकवणं फार अवघड. निवडताना त्याला दोन तास द्या आणि सांगा, रेल्वे स्टेशनपासून तलावपाळीपर्यंत जा आणि तीन माणसांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून आण. काय आणलं त्यावरून सगळं कळतं. समोरच्याला बोलू दिलंय का, का स्वतःच बोलत बसलाय?

आणि भाषा. मुंबईच्या एफएमवरची ती घाईघाईची हिंदी-इंग्रजी मिसळ आपल्याकडे आणायची काहीच गरज नाही. आपल्या भागात आगरी आहे, कोळी आहे, मालवणी आहे, सातारा-सांगलीकडून माथाडी म्हणून आलेल्यांची बोली आहे, हिंदी-गुजराती-सिंधी बोलणारी घरं आहेत. प्रत्येकाला आपल्या बोलीत बोलू द्या, कोणालाही "शुद्ध बोला" म्हणून थांबवू नका, घणसोलीची आजी रेडिओवर तिच्या घरात बोलते तशीच बोलली पाहिजे, नाहीतर ती दुसऱ्यांदा येणारच नाही. निम्मं कंटेंट तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून बनलेलं हवं असा कम्युनिटी रेडिओचा नियमही आहे. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून गावातल्या बायकांच्या आवाजावर चालतेय, जमलं तर एकदा जाऊन बघून या, पुस्तकं वाचून कळत नाही ते तिथे अर्ध्या दिवसात कळतं.

आठवड्यातून एकदा सगळ्यांनी बसून एअरचेक ऐकायचा. म्हणजे प्रत्येक आरजेच्या शोमधली गाणी कापून फक्त बोलण्याचं रेकॉर्डिंग, पंधरा-वीस मिनिटं. पहिल्यांदा सगळ्यांना लाज वाटते, नंतर सवय होते. ऐकताना दोनच गोष्टी विचारा. या लिंकमध्ये, म्हणजे दोन गाण्यांमधल्या बोलण्यात, एकच मुद्दा होता का? आणि हे फक्त ठाण्यात-नवी मुंबईत राहणाऱ्याच्याच कामाचं होतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सारखं "नाही" असं येत असेल तर तुम्ही अजूनही मुंबईचं एफएम करताय. टोचून बोलायचं नाही, सीनियर म्हणून भाषण द्यायचं नाही, आणि मॅनेजरनेही स्वतःचं रेकॉर्डिंग लावायचं.

बातम्यांबद्दल नीट समजून घ्या, कारण इथे चुकलात तर परवान्यावर येतं. खाजगी एफएम काय आणि कम्युनिटी रेडिओ काय, स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पण रस्ते, हवामान, सण-कार्यक्रम, परीक्षा-निकाल-प्रवेश, नोकरीच्या संधी, आणि प्रशासनाने दिलेल्या पाणी-वीज-आपत्ती-आरोग्याच्या सूचना, या बातम्या धरल्या जात नाहीत. ही यादी वाचून बहुतेक लोक निराश होतात. मला उलट वाटतं की आपल्याला जे द्यायचंय ते सगळं यात आहे. "उद्या दुरुस्तीमुळे या या वॉर्डात पाणी नाही, आज रात्री भरून ठेवा" हे वाक्य कुठल्याही राजकीय बातमीपेक्षा जास्त घरांना लागतं. फक्त माहिती महापालिकेकडून, महावितरणकडून, वाहतूक पोलिसांकडून आलेली हवी. व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज कितीही खरा वाटला तरी वाचायचा नाही, आधी फोन करून विचारायचं.

यातूनच पावसाळ्याचा विषय येतो आणि माझ्या मते तुमच्या स्टेशनची खरी परीक्षा तीच. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल बंद, फोन लागेनात, माणसं रात्रभर रस्त्यावर नाहीतर ऑफिसात. अशा वेळी सेलवर चालणारा साधा रेडिओ काम देतो, पण त्याच्यावर बोलणारं कोणीतरी हवं ना! म्हणून मे महिन्यातच बसून पावसाळ्याचा प्लॅन करा. स्टुडिओच्या सगळ्यात जवळ कोण राहतं, चालत कोण येऊ शकतं, त्यांची यादी. घोडबंदरला राहणाऱ्या आरजेची ड्युटी अतिवृष्टीच्या सकाळी लावून काही उपयोग नाही, ती पोहोचणारच नाही. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांच्या आपत्ती कक्षांचे नंबर, रेल्वे, एनएमएमटी-टीएमटी बससेवा, जवळची हॉस्पिटलं, सगळं छापील कागदावर, कारण फोन बंद पडू शकतो. भरतीच्या वेळांचं टेबल भिंतीवर. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला की खाडीत पाणी उतरत नाही आणि सखल भाग भरतात, म्हणून "दुपारी भरती आहे, शाळेतून मुलांना आणायचं असेल तर आधी निघा" हे सकाळीच सांगता आलं पाहिजे. यूपीएस, जनरेटर, डिझेल तपासलेलं. ट्रान्समीटर आणि यूपीएस जमिनीपासून उंचावर, तळमजल्यावर तर अजिबात नको. त्या दिवशी जिंगल नाही, गंमत नाही, आरजेने हळू आणि स्पष्ट बोलायचं, दर काही मिनिटांनी वेळ सांगायची, प्रत्येक सूचना दोनदा वाचायची आणि ती कोणी दिलीय, किती वाजता दिलीय ते सांगायचं. जुनी झालेली सूचना "आता लागू नाही" म्हणून स्पष्ट मागे घ्यायची, हे बरेच जण विसरतात आणि लोक उगाच अडकून पडतात.

उपकरणांवर फार वेळ घालवत नाही. रस्त्याकडेच्या खोलीत कंडेन्सर माइक घेऊ नका, तो बाहेरचा प्रत्येक हॉर्न उचलतो, डायनॅमिक माइक घ्या. भिंतींना जुन्या गाद्या-गोधड्या लावल्या तरी आवाज बसतो. आणि डेड एअर, म्हणजे प्रसारणात मध्येच शांतता, होऊ नये म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरवर बॅकअप प्लेलिस्ट, सायलेन्स डिटेक्टर लावलेला, काही सेकंद शांतता झाली की आपोआप सुरू होणारी. एवढं केलंत तरी सुरुवातीला पुरे.

आता नवं काय करायचं? इनोव्हेशन म्हटलं की लोक ॲप बनवायला धावतात. ॲप बनवू नका, कोणी डाउनलोड करत नाही. ज्या गोष्टी लोकांच्या हातात आधीच आहेत त्यातून काहीतरी काढा. बिहार-झारखंडमध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने "कान खजुरा टेसन" काढलं होतं, एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, उलटा फोन येणार आणि त्यावर फुकट करमणूक ऐकायची, मध्ये मध्ये कंपनीच्या जाहिराती. वीज नसलेल्या गावात टीव्ही नव्हता पण साधा फोन होता, त्या एका गोष्टीवर हे उभं राहिलं आणि २०१४ ला कान्सच्या जाहिरात महोत्सवात त्याला बक्षिसं मिळाली. छत्तीसगडचं सीजीनेट स्वर त्याच्याही आधीचं, २०१० चं, तिथे तर लोक फोन करून स्वतःचा आवाज रेकॉर्ड करतात आणि तपासून झाल्यावर तो बाकीच्यांना फोनवरच ऐकू येतो.

आपल्याकडे मिस्ड कॉलची जागा व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटने घेतलीय. स्टेशनचा एक नंबर ठेवा आणि रोज एकच प्रश्न विचारा, पण असा की ज्याचं उत्तर इथल्याच माणसाकडे असेल. "ट्रान्सहार्बर लोकलला सकाळी कुठल्या डब्यात चढायला जागा मिळते?" असा प्रश्न टाकला की व्हॉइस नोट्सचा पाऊस पडतो. "आजचा दिवस कसा वाटतोय?" विचारलं तर कोणी बोलत नाही. आलेल्या नोट्स एकाने आधी ऐकायच्या, शिव्या-आरोप-राजकारण बाजूला काढायचं, आणि निवडलेल्या नावासकट किंवा बिननावाच्या, बोलणाऱ्याची मर्जी असेल तशा लावायच्या. लोकांचे नंबर ही त्यांची अमानत आहे, ते जाहिरातदाराला कधीही द्यायचे नाहीत, कितीही मागितले तरी.

संध्याकाळी जे चांगलं वाजलं त्याचे पाच-सात मिनिटांचे तुकडे करून पॉडकास्ट म्हणून ठेवा. लाइव्ह ऐकणं आता सगळ्यांना जमत नाही हे मान्य करायला हवं. नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय स्टेशनांचं एफएम बंद करून सगळं डिजिटलवर नेलं. आपल्याकडे तसं काही लगेच होणार नाही, उलट २०२३ ला सरकारनेच फोन कंपन्यांना एफएम चालू ठेवायला सांगितलं, पण आपलं रेकॉर्डिंग आपल्याजवळ नीट नाव-तारीख घालून ठेवलेलं असलं की माध्यम कुठलंही आलं तरी चालतं.

यात मला सगळ्यात जवळचं वाटणारं काम म्हणजे जुने आवाज टिपणं. आगरी लग्नांत धवलारीण जे धवले गाते ते आता डीजेच्या आवाजात ऐकूच येत नाहीत, गाणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत चालल्यात. नवी मुंबई वसवायला १९७० साली सिडको आली, त्याआधीची मिठागरं, भातशेती, खाडीतली मासेमारी आठवणारी माणसं अजून गावठाणांत आहेत. त्यांच्याकडे माइक घेऊन जा. पण हक्कांचं नीट करा. लोकगीत पारंपरिक असलं तरी गाणारीचं गाणं तिचं आहे, तिची लेखी संमती घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा आणि तिचा होकार रेकॉर्ड करा, मानधन त्याच दिवशी हातात द्या, आणि प्रत्येक वेळी वाजवताना तिचं नाव घ्या. असं रेकॉर्डिंग तुमच्या स्टेशनची स्वतःची गाणी होतात, सिनेमाच्या गाण्यांची रॉयल्टी भरत बसावं लागत नाही, आणि ती दुसऱ्या कुठल्याच स्टेशनवर नाहीत. सिनेमाची गाणी लावायचीच असतील तर योग्य त्या संस्थांचं लायसन्स घेऊनच लावा, ऑनलाइन स्ट्रीमचे हक्क वेगळे असतात, एफएमच्या लायसन्समध्ये ते धरलेले आहेत का हे आधी विचारा.

श्रोते किती, हे कसं मोजायचं? मुंबईत २००७ पासून डायरी भरून घेऊन रेडिओचं रेटिंग काढायची पद्धत आली होती, पण शंभर वॅटच्या स्टेशनचा त्यात पत्ताही लागणार नाही. तुम्ही तुमचं मोजा. आठवड्यात किती वेगवेगळ्या नंबरांवरून व्हॉइस नोट आली, कुठल्या भागातून आली, त्यातले नवे किती. दुकानदाराला सांगा की रेडिओवर एक शब्द सांगू, तो सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला थोडी सूट दे आणि किती आले ते वहीत लिही. महिन्यातून एकदा रेल्वे स्टेशनबाहेर, एपीएमसीच्या गेटवर, सोसायटीच्या सिक्युरिटी केबिनमध्ये जाऊन विचारा, काय ऐकता, कधी बंद करता. वॉचमन, रिक्षावाले, स्वयंपाकाच्या मावशी, रात्रपाळीचे कामगार, हे रेडिओचे सगळ्यात पक्के श्रोते आहेत आणि त्यांना कधी कोणी विचारत नाही.

परवाना यायला वेळ लागतो, वेगवेगळ्या खात्यांच्या मंजुऱ्या असतात. तोपर्यंत हात बांधून बसू नका. तेलंगणात माचनूरला दलित बायकांनी चालवलेला संघम रेडिओ २००८ ला हवेत गेला, पण त्याआधी कित्येक वर्षं त्या बायका कार्यक्रम कॅसेटवर रेकॉर्ड करून गावोगावच्या बैठकांत ऐकवत होत्या, त्यामुळे पहिल्या दिवशी त्यांच्याकडे कार्यक्रमही होते आणि ऐकणारेही. तुम्ही हेच व्हॉट्सॲपवर करा. रोज सकाळी सात वाजता तीन मिनिटांचा ऑडिओ, पाणी, रस्ते, भरती, एखादी नोकरीची जागा आणि एका माणसाचा आवाज. आधी एकच भाग घ्या, कोपरी नाहीतर कोपरखैरणे, पूर्ण शहर नको. वेळ चुकवायची नाही, रविवारीही नाही. तीन महिने हे टिकलं आणि सात वाजून पाच मिनिटांनी "आज अजून आलं नाही?" असे मेसेज यायला लागले, की मग टॉवरचं कोटेशन मागवा.